होकोकु मारू: प्रवासी जहाज ते जपानी नौदलाची सशस्त्र नौका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बंगाल’ या छोट्या नौकेने दोन जपानी जहाजांना टक्कर दिली आणि त्यातलं एक बुडालं, असा मजकूर मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. बंगालचं कौतुक त्यात भरभरून असतं आणि ते रास्तही आहे. पण समोरची जहाजं कोणती होती, कुठून आली, हिंदी महासागरात काय करत होती, याबद्दल त्यात जवळजवळ काहीच नसतं. बुडालेल्या जहाजाचं नाव होकोकु मारू. त्याच्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

होकोकु मारू मुळात कसलं जहाज होतं?

माल आणि प्रवासी दोन्ही नेणारं. ओसाका शोसेन काइशा या जपानी कंपनीने आपल्या आफ्रिकेच्या मार्गासाठी ते बांधून घेतलं. बांधणी ओकायामा प्रांतात, मित्सुईच्या तामा इथल्या गोदीत झाली. १९३९ च्या जुलैत ते पाण्यात उतरलं आणि जून १९४० मध्ये कंपनीच्या ताब्यात आलं. लांबी सुमारे १६० मीटर, रुंदी २० मीटर, नोंदणीचं टनेज १०,४०० च्या वर, दोन डिझेल इंजिनं आणि सुमारे ४०० प्रवाशांची सोय. वेग जवळपास २१ नॉट, म्हणजे ताशी ३८-३९ किलोमीटर. त्या काळातली बहुतेक मालवाहू जहाजं १० ते १२ नॉटने रखडत जायची, हे लक्षात घेतलं की हा वेग किती होता ते कळतं.

त्याला दोन भावंडं होती. आयकोकु मारू १९४१ च्या ऑगस्टअखेर तयार झालं, गोकोकु मारू १९४२ मध्ये. होकोकु मारूच्या वाट्याला नागरी आयुष्याचे जेमतेम चौदा महिने आले, बाकीच्या दोघांना तेवढेही मिळाले नाहीत.

माल आणि प्रवासी न्यायचे, तर एवढा वेग कशाला?

सगळ्या कहाणीची मेख इथेच आहे. एकेक नॉट वाढवायचा म्हणजे इंजिन मोठं, तेल जास्त आणि खर्च वारेमाप. आफ्रिकेला कापड नेऊन कापूस आणणाऱ्या जहाजाला २१ नॉट परवडत नाहीत. हा खर्च परवडला, कारण त्यात सरकारचा वाटा होता.

१९३० च्या दशकात जपान सरकारने उत्तम दर्जाची जहाजं बांधण्यासाठी कंपन्यांना अनुदान द्यायला सुरुवात केली. त्या बदल्यात अटी होत्या. वेग अमुक हवा, रचना अशी हवी की वेळ आली तर नौदलाला जहाज वापरता यावं. सर्वांत टोकाचं उदाहरण म्हणजे काशिवारा मारू आणि इझुमो मारू ही दोन आलिशान जहाजं. त्यांच्या खर्चाचा ६० टक्के भाग सरकारने उचलला आणि ती प्रवासी जहाजं म्हणून कधी पूर्णच झाली नाहीत. बांधणी चालू असतानाच त्यांची ‘जुन्यो’ आणि ‘हियो’ ही विमानवाहू जहाजं झाली. ओसाका शोसेनच्या अर्जेंटिना मारूचंही पुढे ‘काइयो’ हे छोटं विमानवाहू जहाज झालं.

त्यामुळे ‘शांततेतलं बिचारं जहाज युद्धात ओढलं गेलं’ हे होकोकु मारूच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. नकाशा कागदावर उतरला तेव्हाच नौदलाचा हात त्यावर होता.

रूपांतर करताना नेमकं काय केलं गेलं?

१९४१ च्या ऑगस्टअखेर नौदलाने जहाज ताब्यात घेतलं आणि सप्टेंबरात त्याची सहायक क्रूझर, म्हणजे तोफा चढवून लढाईला जुंपलेलं व्यापारी जहाज, म्हणून नोंद झाली. १५ सेंटिमीटर व्यासाच्या आठ तोफा बसवल्या. तोफा जुन्या होत्या, पुढे त्या बदलून १४ सेंटिमीटरच्या बसवल्या गेल्या. शिवाय विमानविरोधी तोफा, मशीनगन, दोन्ही बाजूंना टॉर्पेडो सोडणाऱ्या जोडनळ्या आणि पाण्यावर उतरणारं एक टेहळणी विमान, सोबत एक राखीव.

डेक माणसांच्या चालण्यासाठी आणि माल ठेवण्यासाठी बनवलेला असतो. मोठी तोफ उडाली की तिचा धक्का खालच्या सांगाड्याला सोसावा लागतो, म्हणून प्रत्येक तोफेखाली मजबुतीचं काम करावं लागतं. मालाच्या जागेत दारूगोळ्याची कोठारं आली, प्रवाशांच्या खोल्यांमध्ये नौसैनिक राहू लागले. माल चढवण्याच्या क्रेनला विमान उचलून पाण्यावर ठेवायचं नवं काम मिळालं.

जे बदलता आलं नाही, ते जास्त महत्त्वाचं. खरी क्रूझर म्हणजे मुळातच लढाईसाठी बांधलेली वेगवान युद्धनौका. तिच्या बाजूला पोलादाचं जाड कवच असतं. दारूगोळा पाण्याच्या पातळीखाली, चिलखती पेटीत ठेवलेला असतो. पोटात अनेक आडव्या भिंती असतात, म्हणजे एक कप्पा भरला किंवा पेटला तरी शेजारचा वाचतो. प्रवासी जहाजात कवच आणि चिलखती पेटी नसते, कप्पेही युद्धनौकेइतके नसतात. उलट बाजू उंच असतात, लांबून दिसतात आणि नेमबाजाला सोयीच्या पडतात. टॉर्पेडोच्या नळ्या उघड्या डेकवर, विमानाचं पेट्रोलही तिथेच आसपास. शस्त्रं क्रूझरची आणि अंग प्रवासी जहाजाचं, असं हे प्रकरण होतं.

युद्ध सुरू झालं तेव्हा हे जहाज कुठे होतं?

पॅसिफिकच्या पार दक्षिणेला. होकोकु मारू आणि आयकोकु मारू यांचं एक पथक होतं, त्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल ताकेदा. नोव्हेंबर १९४१ मध्येच ही दोन जहाजं जपानहून निघाली. मार्शल बेटांतल्या जालुइट इथे थांबून ती तुआमोतु बेटांच्या दिशेने गेली. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्या वेळी ती अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधल्या सागरी वाटेवर दबा धरून बसली होती.

जपानी तारखेप्रमाणे १३ डिसेंबरला त्यांनी ‘व्हिन्सेंट’ हे अमेरिकी मालवाहू जहाज बुडवलं. ते सिडनीहून पनामाकडे तांदूळ घेऊन चाललं होतं. खलाशांना कैद करून नेलं. २ जानेवारी १९४२ ला ‘मलामा’ हे दुसरं अमेरिकी जहाज सापडलं. विमानाने ते हेरलं होतं. जहाज शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्याच्या खलाशांनी ते स्वतःच बुडवलं. त्याआधी ३१ डिसेंबरला आयकोकु मारूचं एक विमान टेहळणीवर गेलं ते परत आलं नाही.

जवळपास तीन महिन्यांच्या फेरीची कमाई एवढीच. फेब्रुवारीत दोन्ही जहाजं त्रुक बेटावर परतली आणि मार्चमध्ये पथक मोडीत निघालं.

मग हिंदी महासागरात कशी आली?

पाणबुड्यांमुळे. एप्रिल १९४२ मध्ये जपानच्या मोठ्या पाणबुड्यांचं पथक आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघालं. मलायातलं पेनांग बंदर सोडल्यावर वाटेत जपानी ताब्यातलं एकही बंदर नव्हतं. तेल, अन्न, टॉर्पेडो, सगळं बरोबर न्यायला हवं होतं. पाणबुड्यांच्या वेगाशी जुळवून घेणारं आणि एकट्याने प्रवास करायला पुरेसं दणकट पुरवठा जहाज कोणतं, याचं उत्तर तयारच होतं.

मे महिन्यात भर समुद्रात नळ्या जोडून या जहाजांनी पाणबुड्यांना तेल दिलं. त्याच पाणबुड्यांनी मे महिन्याच्या अखेरीस मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरात दोन माणसांच्या बुटक्या पाणबुड्या सोडल्या. ‘रॅमिलीज’ ही ब्रिटिश युद्धनौका जायबंदी झाली आणि एक टँकर बुडाला. त्यानंतर जून-जुलैत मोझांबिकच्या खाडीत त्यांनी वीसहून अधिक व्यापारी जहाजं बुडवली. पथकातली आय-३० ही पाणबुडी तर तिथून पुढे आफ्रिकेला वळसा घालून ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या, जर्मनांच्या ताब्यातल्या लोरियां बंदरात पोहोचली. जपानहून युरोपला गेलेली ती पहिली पाणबुडी.

होकोकु मारूचं मोल ठरवताना लोक त्याच्या तोफा मोजतात. माझ्या मते तेलाची नळी मोजायला हवी. तोफांनी जेवढी जहाजं मिळवली, त्याच्या कितीतरी पट नुकसान या जहाजांच्या तेलावर चाललेल्या पाणबुड्यांनी केलं.

या जहाजांनी एकूण किती शिकार केली?

दोघांनी मिळून पाच. व्हिन्सेंट आणि मलामा वर आली. बाकीची तीन हिंदी महासागरातली.

९ मे १९४२ ला ‘जेनोता’ हा डच टँकर पकडला. तो जपानी नौदलाने ‘ओसे’ या नावाने वापरला आणि मार्च १९४४ मध्ये पलाऊ इथे अमेरिकी विमानांनी बुडवला.

५ जूनला ‘एलिसिया’ या ब्रिटिश जहाजावर हल्ला झाला आणि ते काही दिवसांत बुडालं. हे नाव मुंबईशी जोडलेलं आहे. ते अँकर लाइनचं जहाज, आणि अँकर लाइन म्हणजे ग्लासगो-मुंबई मार्गावरची नावाजलेली कंपनी. १९०८ मध्ये बांधलेलं हे जहाज कंपनीच्या हिंदुस्थान मार्गावर अनेक वर्षं धावलं. अशा जहाजांवर डेकवर सारंग आणि टंडेल, खाली भट्टीपाशी आगवाले, सगळे आपल्या किनाऱ्यांवरचे असायचे. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या नुकसानीच्या याद्यांत जहाजाचं नाव आणि कप्तानाचं नाव ठळक असतं, या माणसांचा उल्लेख ‘हिंदी खलाशी’ एवढ्यावर आटोपतो. ते खटकतं.

१२ जुलैला न्यूझीलंडचं ‘हाउराकी’ पकडलं. ते ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून कोलंबोकडे येत होतं. त्याचं ‘होकी मारू’ झालं.

त्याआधी १९४०-४१ मध्ये जर्मनीच्या ‘अटलांटिस’ने, जे मूळचं असंच एक व्यापारी जहाज, एकट्याने २२ जहाजं पकडली किंवा बुडवली. जपानी कप्तान कमी पडले असं यातून काढू नये. जर्मन जहाजांना वर्ष-दीड वर्ष मोकळं सोडलं जायचं आणि शिकार हेच त्यांचं काम असायचं. जपानी नौदलाचा सगळा जीव आरमारांच्या मोठ्या निर्णायक लढाईत अडकलेला होता. व्यापारी जहाजांची शिकार त्यांना दुय्यम वाटायची, म्हणून या जहाजांना आज हे, उद्या ते अशी कामं दिली गेली.

११ नोव्हेंबर १९४२ ला काय घडलं?

होकोकु मारू आणि आयकोकु मारू नोव्हेंबरच्या सुरुवातीला सिंगापूरहून निघून सुंदाच्या सामुद्रधुनीतून हिंदी महासागरात शिरली. होकोकु मारूचे कप्तान इमाझातो हिरोशी. आयकोकु मारूचे कप्तान ओइशी तामोत्सु, हे पर्ल हार्बरच्या वेळी ॲडमिरल नागुमो यांच्या कार्यालयातले वरिष्ठ अधिकारी होते.

समोरून ‘ऑन्डिना’ हे डच टँकर जहाज ‘बंगाल’च्या सोबतीने फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे चाललं होतं. ऑन्डिनाचे कप्तान विलेम हॉर्समन. त्यावर मागच्या बाजूला १०२ मिलिमीटरची एकच तोफ आणि ३२ गोळे. तोफेवर ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश आणि डच अशी मिश्र माणसं, त्यांचा म्होरक्या एक ऑस्ट्रेलियन नौसैनिक. टाक्या रिकाम्या होत्या, हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

बंगाल नवी कोरी होती. सिडनीच्या कॉकाटू बेटावरच्या गोदीत बांधलेली, ऑगस्टमध्ये नौदलात आलेली, सुरुंग काढण्यासाठी आणि सोबतीसाठी वापरायची छोटी नौका. तिच्यावर खरं तर १०२ मिलिमीटरची तोफ यायची होती. ती मिळाली नाही म्हणून ७६ मिलिमीटरची जुनी बारा पौंडी बसवली आणि तिचे ४० गोळे दिले. कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन. अधिकारी आणि खलाशी रॉयल इंडियन नेव्हीचे.

कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, दुपार व्हायच्या सुमारास जपानी जहाजं दिसली. विल्सन यांनी ऑन्डिनाला निसटायचा हुकूम दिला आणि आपली नौका थेट शत्रूवर घातली. विचार साधा होता. बंगाल बुडाली तरी टँकर वाचावा. टँकर मात्र पळाला नाही. हॉर्समन यांनी तोफ चालवायला सांगितली.

थोड्याच वेळात एक गोळा होकोकु मारूच्या उजव्या बाजूच्या टॉर्पेडोनळ्यांवर बसला. नळीतले टॉर्पेडो फुटले, आग लागली, ती विमानाच्या पेट्रोलपर्यंत गेली आणि शेवटी मागच्या बाजूचं दारूगोळ्याचं कोठार उडालं. ३५४ जणांपैकी ७६ जण गेले, त्यात कप्तान इमाझातो होते. उरलेल्या २७८ जणांना आयकोकु मारूने पाण्यातून काढलं.

एका गोळ्याने एवढं मोठं जहाज कसं गेलं, याचं उत्तर रूपांतराच्या प्रश्नात आलंच आहे. शत्रूचा गोळा हे निमित्त. जहाज फुटलं ते स्वतःच्या टॉर्पेडोंनी, स्वतःच्या पेट्रोलने आणि स्वतःच्या दारूगोळ्याने. क्रूझरसारखं कवच आणि कप्पे असते तर बहुधा आग लागून ती विझलीही असती.

तो गोळा बंगालचा की ऑन्डिनाचा?

याच प्रश्नावरून सर्वांत जास्त वाद होतात. दोन्ही जहाजांवरच्या लोकांनी आपापला दावा सांगितला. धूर, पाण्याचे फवारे, एकाच लक्ष्यावर दोघांचा मारा, त्यात कोणाला आपलाच गोळा लागलेला दिसला तर दोष देता येत नाही.

परदेशातले बहुतेक अभ्यासक श्रेय ऑन्डिनाला देतात आणि मलाही ते पटतं. तिची तोफ मोठी होती, पल्ला जास्त होता. पण त्याने बंगालचं मोल तसूभरही कमी होत नाही. शत्रू बिचकला, त्याचा मारा दोन ठिकाणी विभागला गेला, ते बंगाल अंगावर धावून गेली म्हणून. आपल्याकडच्या मजकुरात ‘बंगालने जहाज बुडवलं’ असं सरसकट लिहून ऑन्डिनाच्या तोफेवरच्या लोकांना गाळलं जातं, तो मात्र अन्याय आहे.

बंगाल टँकरला सोडून निघून गेली, हे खरं का?

ती निघून गेली हे खरं. तिला भ्याड म्हणणं खोटं.

होकोकु मारू बुडाल्यावरही आयकोकु मारू धडधाकट होतं. बंगालचा दारूगोळा संपत आला होता, नौकेला गोळे लागले होते. विल्सन यांनी धुराचा पडदा सोडला आणि त्याआड नौका बाजूला काढली. त्यांना वाटलं ऑन्डिना आता वाचत नाही, आणि तसाच अहवाल त्यांनी दिला. रिकाम्या तोफेने तिथे थांबून बंगालवरच्या माणसांचा बळी देण्यात काही हशील नव्हतं. बंगाल १७ नोव्हेंबरला दिएगो गार्सियाला पोहोचली. तिच्यावरचा एकही माणूस दगावला नाही. विल्सन यांना पुढे डीएसओ हा शौर्य सन्मान मिळाला.

ऑन्डिनावरच्या लोकांना मात्र सोबतची नौका धुरात दिसेनाशी झालेली दिसली, आणि त्यानंतर जे भोगावं लागलं ते एकट्यानेच. त्यांच्या मनात कडवटपणा राहिला असेल तर तोही समजण्यासारखा आहे.

ऑन्डिनाचं पुढे काय झालं?

गोळे संपले तेव्हा हॉर्समन यांनी जहाज सोडायचा हुकूम दिला आणि शरणागतीची खूण केली. त्याच सुमारास ते उभे होते त्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षावर, गोळा पडला आणि ते मारले गेले. लोक होड्यांमध्ये उतरले. आयकोकु मारूने जवळ येऊन दोन टॉर्पेडो सोडले आणि दोन्ही लागले. मग त्याने आपल्या मशीनगन होड्यांवर चालवल्या. त्यात मुख्य इंजिनिअर आणि काही चिनी खलाशी गेले. शरण आलेल्या, होडीत बसलेल्या निःशस्त्र लोकांवर गोळीबार हा गुन्हाच होता. साथीदार जहाज डोळ्यांदेखत उडालं होतं, हे त्याचं कारण असेल, समर्थन होऊ शकत नाही.

आणखी एक टॉर्पेडो सोडला, तो चुकला. टँकर एका बाजूला चांगलाच कलला होता. बुडतोयच असं समजून आयकोकु मारू आपल्या वाचलेल्या लोकांना घेऊन निघून गेलं.

पण तेलाच्या टाक्या रिकाम्या होत्या. रिकामी टाकी म्हणजे हवेने भरलेला बंद डबा, एक-दोन फुटल्या तरी बाकीच्या जहाज तोलून धरतात. पहिले अधिकारी रेह्विंकेल लोकांना घेऊन पुन्हा जहाजावर चढले. आग विझवली, दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन कल कमी केला, इंजिन चालू केलं. ज्या जहाजाची नोंद बुडालेलं अशी झाली होती ते १८ नोव्हेंबरला फ्रीमँटल बंदरात हजर झालं. युद्धानंतरही ते चाललं आणि १९५९ मध्ये हाँगकाँगला भंगारात निघालं.

बंगालचा महाराष्ट्राशी काही संबंध?

रॉयल इंडियन नेव्हीचं मुख्य घर मुंबई. गोदी मुंबईत, प्रशिक्षण मुंबईत. युद्धापूर्वी या छोट्या नौदलात खलाशी घेतले जायचे ते मोठ्या प्रमाणात कोकणातून, त्यातही रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुसलमान कुटुंबांतून. युद्धात नौदल कैक पटींनी वाढलं, तशी पंजाबपासून बंगाल-मद्रासपर्यंत सगळीकडून भरती झाली. ऑस्ट्रेलियात बांधलेल्या याच वर्गातल्या इतर नौकांपैकी एकीचं नाव ‘बॉम्बे’ होतं.

कोकणातल्या पुष्कळ घरांत ‘आजोबा नेव्हीत होते’ एवढीच आठवण उरली आहे. कोणत्या जहाजावर, कोणत्या साली, हे कुणी विचारलेलं नसतं. जुन्या पेटीत सेवापुस्तिका किंवा पदक सापडलं तर त्यावरचा क्रमांक आणि जहाजांची नावं नीट उतरवून ठेवा. त्या कागदाइतकी खात्रीची नोंद दुसरीकडे सहजी मिळत नाही.

आयकोकु मारू आणि गोकोकु मारूचं काय झालं?

या लढाईनंतर जपानने शिकारीचा नाद जवळपास सोडला. वेगवान जहाजांची गरज दक्षिण पॅसिफिकमध्ये सैन्य आणि रसद पोहोचवायला होती, दोघांनाही तिकडे लावलं.

१७ फेब्रुवारी १९४४ ला अमेरिकी विमानांनी त्रुकवर मोठा हल्ला केला. आयकोकु मारू तेव्हा सैनिक आणि दारूगोळा घेऊन उभं होतं. बॉम्ब लागताच जहाजाचा पुढचा भाग अक्षरशः नाहीसा झाला. स्फोट इतका प्रचंड होता की हल्ला करणारं विमानही त्यात सापडलं. शेकडो सैनिक एका क्षणात गेले. मुळातली कमजोरी तीच होती जी होकोकु मारूला भोवली: पातळ अंगाच्या जहाजात ठासलेला दारूगोळा.

गोकोकु मारूला १० नोव्हेंबर १९४४ ला जपानच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘बार्ब’ या पाणबुडीने बुडवलं. होकोकु मारूच्या शेवटाला दोन वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता.

यातलं कोणतं जहाज आज पाहता येतं का?

होकोकु मारू भर महासागरात, खोल पाण्यात गेलं. आयकोकु मारूचा मागचा अर्धा भाग त्रुक, म्हणजे आजच्या चूक इथल्या खाडीत आहे, पण तो साठ-सत्तर मीटर खोल आहे. साध्या हौशी डायव्हरांची ती पातळी नव्हे. १९८० च्या दशकात तिथून अनेक सैनिकांच्या अस्थी वर काढून त्यांचे अंत्यसंस्कार करण्यात आले. तिथे जाणाऱ्यांनी ते स्मशान आहे हे ध्यानात ठेवावं.

त्याच खाडीत होकी मारू आहे, म्हणजे पकडून नेलेलं न्यूझीलंडचं हाउराकी. त्याच्या पोटात ट्रक आणि बुलडोझर अजून ओळीने उभे आहेत. या सगळ्या कथेतली हाताला लागेल अशी सर्वांत सुस्पष्ट वस्तू तीच.

या लढाईबद्दल वाचताना आकडे जुळत नाहीत. असं का?

तीन गोष्टी सांभाळल्या तर बहुतेक गोंधळ मिटतो.

तारखा: पॅसिफिकमध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आडवी येते. जपानी नोंदीत १३ डिसेंबर असलेली घटना अमेरिकी नोंदीत १२ तारखेची असते. व्हिन्सेंट आणि मलामा या दोन्हींच्या तारखा म्हणून एका दिवसाने मागेपुढे दिसतात.

टनेज: ‘सहाशे टनांची बंगाल आणि दहा हजार टनांचं होकोकु मारू’ ही तुलना फार लोकप्रिय आहे, पण ते टन वेगवेगळे आहेत. युद्धनौकेचे टन म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. व्यापारी जहाजाचं नोंदणी टनेज म्हणजे आतल्या बंदिस्त जागेचं माप, त्याचा वजनाशी थेट संबंध नाही. दोन्हींत तफावत प्रचंड होती हे खरंच, फक्त दोन आकडे एकमेकांनी भागून ‘इतक्या पट मोठं’ असं लिहू नये.

तोफा: होकोकु मारूच्या तोफा कुठे १५ सेंटिमीटरच्या, कुठे १४ च्या दिसतील, कारण त्या मध्येच बदलल्या. बंगालची तोफही काही ठिकाणी १०२ मिलिमीटरची छापलेली असते, कारण त्या वर्गाच्या आराखड्यात तीच होती. त्या दिवशी डेकवर होती ती बारा पौंडी.